खुडूक कोंबडी

अंडी देणे थांबवून ती उबवण्यासाठी बसून राहणाऱ्या कोंबडीला खुडूक कोंबडी म्हणतात. कोंबडी खुडूक झाली किंवा रवणाला बसली, असे बोलण्यात येते. हा आजार नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढत्या प्रमाणात स्रवू लागते, अंडाशयाचे काम थांबते आणि कोंबडीला बसण्याचा ध्यास लागतो. मोठा होत जाणारा दिवस, उबदार हवा, अंधारा आडोसा आणि न उचललेली अंडी यांमुळे ही अवस्था लवकर येते. कळपात कोंबडा असण्याची गरज नसते. अंडी काढून घेतली तरी कोंबडी रिकाम्या गवतावर तितक्याच निष्ठेने बसते.

सगळ्याच जाती सारख्या खुडूक होत नाहीत. सिल्की, कोचीन, ऑर्पिंग्टन आणि असील यांच्यात ही वृत्ती प्रबळ असते. लेगहॉर्न आणि अंड्यांसाठी तयार केलेल्या संकरित जातींत निवड करत करत ती जवळजवळ पुसली गेली आहे, कारण खुडूक काळात अंडी मिळत नाहीत.

ओळखण्याची खरी वेळ रात्रीची. दिवसा कोंबडी अंडे घालायलाही बराच वेळ बसते, त्यावरून काही ठरवू नये. पण बाकीच्या दांडीवर झोपायला गेल्या आणि एकटी घरट्यातच राहिली, असे सलग दोन रात्री झाले तर ती खुडूक आहे असे समजायला हरकत नाही. हात जवळ नेला की ती पिसे फुलवून चपटी होते, घशातून गुरगुरते आणि चोचही मारते. चालताना खोल, तुटक आवाज काढत राहते. छातीखालची पिसे गळून उघडी कातडी दिसते, त्यामुळे अंगाची ऊब थेट अंड्यांना मिळते. तुरा फिका पडतो. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, ती थोडा वेळ उठते, घाईने दाणापाणी उरकते आणि एरवीपेक्षा मोठी, उग्र वासाची विष्ठा टाकून परत बसते. अंडे अडकलेली किंवा आजारी कोंबडीही कोपरा धरून बसते, पण ती मलूल असते, शेपूट खाली पडलेली असते, वरचेवर जोर करते. खुडूक कोंबडी मात्र डोळ्यांत तेल घालून राखण करत असते. या दोघींत गल्लत झाली तर उपचाराचा वेळ हातचा जातो, म्हणून हा फरक नीट पाहावा.

लक्षणे पटली की लगेच ठरवावे: पिल्ले हवीत की नकोत. काहीच न करता तिला आठवडेच्या आठवडे बसू देणे सर्वांत वाईट. ती खाणेपिणे कमी करते, वजन घटते, धूळस्नान (धुळीत लोळून अंग साफ करणे) चुकल्याने उवा आणि माइट (अंगावरचे बारीक परजीवी किडे) माजतात. शिवाय तिने अडवलेल्या घरट्यासाठी बाकीच्यांची ओढाताण होते आणि अंडी फुटतात.

पिल्ले नको असतील तर तळाला जाळी असलेल्या, जमिनीपासून उंच टांगलेल्या किंवा ठेवलेल्या पिंजऱ्यात तिला ठेवतात. आत गवत नको. उजेड, सावली, दाणा आणि पाणी हवे. पोटाखालून वारा खेळला की छातीची ऊब उतरते आणि बसण्याची ओढ सुटते. पहिल्या एकदोन दिवसांतच हा उपाय केला तर बहुधा तीनचार दिवस पुरतात. उशीर झाला तर जास्त लागतात. बाहेर सोडल्यावर ती पुन्हा घरट्याकडे धावली तर पिंजऱ्यातले दिवस वाढवावेत. अंडी त्यानंतरही काही दिवसांनी सुरू होतात. उपाशी ठेवणे किंवा गार पाण्यात बुडवणे ही क्रूर रीत आहे आणि तिची गरजही नाही.

पिल्ले हवी असतील तर तिला रात्री अंधारात वेगळ्या, शांत जागी हलवावे. खाली फलित अंडी एकाच वेळी ठेवावीत. तिच्या आकारमानाप्रमाणे आठ ते बारा पुरेत. पोटाखालून बाहेर डोकावणारी अंडी गार पडतात. पेन्सिलीने खूण केली तर दुसऱ्या कोंबडीने घुसवलेले अंडे ओळखून काढता येते. सातव्या ते दहाव्या दिवशी अंधारात दिव्यासमोर धरल्यास भ्रूण आणि रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते. काहीच न दिसणारी अंडी काढून टाकावीत. उबवणीला साधारण 21 दिवस लागतात. शेवटचे तीन दिवस घरट्यात हात घालू नये. बाहेर आलेले पिल्लू पोटात ओढून घेतलेल्या बलकावर दीडदोन दिवस निभावते, तेवढ्यात मागची अंडीही फुटतात.

पुढे आई आणि पिल्ले दोघांनाही पिल्लांचेच खाद्य द्यावे. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम इतके असते की पिल्लांच्या मूत्रपिंडांना ते सोसत नाही. पाण्याचे भांडे उथळ ठेवावे. साधारण पाच ते आठ आठवड्यांत कोंबडी पिल्लांना टोचून दूर सारू लागते, दांडीवर झोपायला परतते आणि तिचा तुरा पुन्हा लाल होऊ लागतो.