मोटारीची बॅटरी : प्रकार, चार्जिंग आणि गाडीशी मेळ

इंजिनाला सेल्फ मारण्यासाठी लागणारा विद्युत संचायक. बहुतेक मोटारींत तो शिसे-आम्ल प्रकारचा असतो. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तो बनवला. सुमारे २.१ व्होल्टचे सहा सेल एकापुढे एक जोडलेले असल्याने पूर्ण चार्ज झालेली बॅटरी, गाडी काही तास बंद राहिल्यावर, १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. बराच काळ १२.४ च्या खाली राहिली, की प्लेटांवर शिसे-सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि बॅटरी कायमची कमजोर होते.

बाहेरून सगळ्या बॅटऱ्या सारख्याच दिसतात, म्हणून बाहेरून लावायचा कुठलाही चार्जर कुठल्याही बॅटरीला चालेल असा समज आहे. तो महाग पडतो. पाण्याच्या बॅटरीला, म्हणजे जिच्यात आम्ल पातळ द्रवरूपात असते तिला, साधारण १४.४ ते १४.८ व्होल्ट चालतात. चार्जिंगच्या शेवटी तिच्यात बुडबुडे येतात, पाणी उडते, आणि बूच उघडून प्लेटा बुडतील इतके डिस्टिल्ड वॉटर घालता येते. एजीएम बॅटरीत आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेले असते, जेल बॅटरीत ते घट्ट केलेले असते. दोन्ही सीलबंद, म्हणून उडालेले पाणी परत घालता येत नाही. जेलला तर १४.१ ते १४.४ च्या वर नेऊच नये. काही चार्जरांवर सल्फेट सोडवण्यासाठी १५.५ व्होल्टच्या वरचा मोड असतो. तो फक्त पाण्याच्या बॅटरीसाठी आहे. चार्जिंगचा प्रवाह क्षमतेच्या एक दशांश धरावा : ४० अँपिअर-तासाच्या बॅटरीला ४ अँपिअर. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो, तेव्हा जागा हवेशीर हवी आणि जवळ ठिणगी नको.

गाडी धावत असताना चार्जरचे काम ऑल्टरनेटर (इंजिनावर फिरणारे जनित्र) करतो, म्हणून बॅटरी गाडीच्या मूळ प्रकाराचीच घ्यावी. सिग्नलला आपोआप इंजिन बंद होणाऱ्या गाड्यांत ईएफबी (पाण्याचीच, पण जास्त टिकाऊ केलेली बॅटरी) किंवा एजीएम असते. ईएफबीच्या जागी एजीएम सहसा चालते, पण एजीएम काढून साधी बॅटरी बसवली तर ती लवकर निकामी होते. ऋण टर्मिनलवर प्रवाह मोजणारा सेन्सर असलेल्या गाड्यांत चार्जरचा काळा चिमटा बॉडीला लावावा, म्हणजे आत गेलेला प्रवाह सेन्सरच्या हिशेबात येतो. अशा काही गाड्यांत नवी बॅटरी बसवल्यावर तिची नोंद संगणकात करावी लागते.

मापही पाहावे लागते. बॅटरीवरच्या ३८बी२०एल यासारख्या खुणेतील २० म्हणजे सेंटिमीटरमधली लांबी आणि शेवटचे अक्षर म्हणजे टर्मिनलांची बाजू. एलच्या जागी आर घेतली, तर केबल पोचत नाही; ओढून ताणून लावली, तर उलट जोडणीचा धोका असतो.

लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी वजनाला हलकी असते. तिला १४.२ ते १४.६ व्होल्ट लागतात, पण शून्य अंशाखालच्या थंडीत ती चार्ज करता येत नाही. विजेवरच्या मोटारींतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. मोठ्या बॅटरीवरून कन्व्हर्टर तिला चार्ज करतो. ही छोटी उतरली, तर मोठी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही.