फुटबॉलचे पंचकोन, गिरणीतले साचे आणि वाचलेले पैसे नक्की कोणाचे

पाकिस्तानच्या पंजाबात सियालकोट नावाचं शहर आहे, जगात हाताने शिवलेले जे चांगले फुटबॉल विकले जातात त्यातला खूप मोठा वाटा तिथल्या कारखान्यांतून जातो. नेहमीचा काळा-पांढरा फुटबॉल डोळ्यासमोर आणा, त्यात २० षटकोनी तुकडे असतात आणि १२ पंचकोनी. रेक्झिनच्या मोठ्या शीटवर लोखंडी डाय, म्हणजे कापायचा धारदार ठसा, ठेवायचा, प्रेस दाबायचा, तुकडे कापून निघतात, आणि हे काम करणारा तो कटर. षटकोनाचं बरं असतं, त्याचा कोन १२० अंशांचा, तीन षटकोन एका बिंदूपाशी आणले की बरोबर ३६० होतात आणि मध्ये फट राहत नाही, मधमाशीचं पोळं तसंच असतं. पंचकोनाचा कोन १०८ चा, ३६० ला त्याने भागच जात नाही, त्यामुळे कसेही लावा, मध्ये जागा राहणार आणि ते रेक्झिन वाया जाणार. आणि फुटबॉलच्या खर्चात सगळ्यात मोठा खर्च मालाचा असतो.

आता पंचकोन जास्तीत जास्त दाट कसे बसवायचे यावर गणितज्ञांनी आधीच डोकं लावून ठेवलेलं होतं. अॅटकिन, खंडेलवाल, व्हरहूगेन आणि लाहोरचे दोघं चौधरी अशा पाच अर्थतज्ज्ञांच्या टीमने ती मांडणी वापरून एक नवीन डाय बनवून घेतला, एका दाबात चार पंचकोन कापणारा, किंचित तिरका सरकवलेला. जुन्या डायने एका शीटमधून साधारण २५० पंचकोन निघायचे तिथे याने २७२ निघायला लागले. तीच शीट, तोच प्रेस, तोच माणूस. एका बॉलमागे वाचणारी रक्कम छोटी आहे, एकूण खर्चाच्या जवळपास एक टक्का, पण या धंद्यात नफाच इतका पातळ आहे की एक टक्कासुद्धा मालकाला जाणवतो. मे २०१२ मध्ये त्यांनी हा डाय ३५ कारखान्यांना फुकट दिला, कसा वापरायचा ते शिकवलं, आणि वाट बघत बसले.

पंधरा महिन्यांनी पाहिलं तर ३५ पैकी फक्त ५ कारखाने तो वापरत होते.

फुकट मिळालेली, पैसे वाचवणारी गोष्ट ३० कारखान्यांत नुसती पडून होती. अशा वेळी आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं, की कामगारांना बदल नको असतो, शिकायला नको असतं, जुनं ते सोनं. मला हे वाक्य लहानपणापासून ऐकून ऐकून त्याचा राग यायला लागलाय आणि हा सगळा लेख त्या रागातूनच लिहितोय असं समजा.

कटरला मजुरी कशी मिळते बघा. बहुतेक कारखान्यांत पीसवर, म्हणजे जितके नग कापले तितके पैसे. नवीन डाय हातात बसेपर्यंत काम हळू होतं. समजा एखाद्याला दिवसाचे ५०० पडतात आणि हात दहा टक्के मंदावला, की त्याचे ५० रुपये गेले, आणि वाचलेलं रेक्झिन गेलं मालकाच्या खिशात. कटरला त्यातलं काहीच नाही. मग मालकाने विचारलं, काय रे, कसाय नवीन डाय, तर तो काय सांगणार? सांगायचे की बरोबर चालत नाही, आणि मालक स्वतः कधी प्रेसवर बसलेला नाही म्हणून तो मान्य करून टाकायचा. एक मोठी कंपनी मात्र डाय वापरत होती आणि तिथे कटरला पीसवर नाही, ठरलेला महिन्याचा पगार होता. हा धागा मिळाल्यावर संशोधकांनी सप्टेंबर २०१३ मध्ये दुसरा प्रयोग लावला. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या कारखान्यांत एका कटरला आणि एका प्रिंटरला, म्हणजे तुकड्यांवर छपाई करणाऱ्याला, सांगितलं, मालकासमोर हा डाय नीट चालवून दाखवा, साधारण एक महिन्याच्या कमाईइतके पैसे रोख मिळतील. इतकंच. डाय बदलला नाही, ट्रेनिंग वाढवलं नाही. आणि या कारखान्यांत डाय वापरात यायला लागला, फरक आकड्यांत स्वच्छ दिसला.

मालकाच्या उलाढालीपुढे ही रक्कम म्हणजे चहापाण्याचा खर्च. ती मालकांनी स्वतःहून का दिली नाही हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं एक संभाव्य उत्तर असं की अडचण मजुरीच्या पद्धतीत आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. नव्या वस्तूबद्दल सगळ्यात जास्त माहिती ज्याच्या हातात असते त्यालाच ती लपवण्यात फायदा आहे अशी रचना आपणच करून ठेवतो आणि नंतर त्यालाच अडाणी म्हणतो.

हे सगळं वाचताना मला सियालकोट दिसतच नव्हतं, लालबाग-परळ दिसत होतं. आमचे आजोबा गिरणीत साचेखात्यात होते, साचा म्हणजे माग, हा शब्द गिरणगावात वाढलेल्यांना सांगायला नको. घरात १९२८ च्या संपाच्या गोष्टी त्यांच्याही आधीच्या पिढीकडून आलेल्या. तेव्हा मुंबईत साधारणपणे एक विणकर दोन साचे सांभाळायचा, आणि काही गिरण्यांनी काढलं की आता तीन सांभाळा, कातणाऱ्यांनी सूत कातायच्या यंत्राच्या एका बाजूऐवजी दोन बाजू बघा. मजुरी थोडी वाढणार, पण काम दीडपट आणि दुप्पट होणार, आणि जो माणूस जास्तीचा ठरेल तो घरी. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगारांनी काम बंद ठेवलं, गिरणी कामगार युनियन याच काळात उभी राहिली. बाहेरून बघणाऱ्याला हा सुधारणेला विरोध वाटतो. पण तिसरा साचा घेतला म्हणजे शेजारच्या साच्यावरचा गाववाला घरी बसला, ज्याच्यासोबत एकाच खोलीत पाळीपाळीने झोपायचं, ज्याच्या ओळखीने आपण गिरणीत लागलो, आणि उद्या बदलीवर, म्हणजे कोणी गैरहजर राहिला तर त्याच्या जागी काम मिळेल या आशेने, आपणही दारात उभे असू. सियालकोटच्या कटरचा हिशोब एकट्याच्या मजुरीचा होता, यांचा अख्ख्या खोलीचा होता, एवढाच फरक.

या मुंबईच्या गिरण्यांवर अर्थशास्त्रात एक गाजलेला पेपर आहे, ग्रेगरी क्लार्क यांचा, १९८७ चा. त्यांनी १९१० च्या आसपासचे जगभरच्या कापड गिरण्यांचे आकडे काढले आणि एक विचित्र गोष्ट दाखवली. यंत्रं बऱ्याच ठिकाणी सारखीच, लँकेशायरकडची, मुंबईत तर कित्येक मॅनेजर आणि मास्तरही तिकडूनच आणलेले. तरी अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडचा एक कामगार जेवढं काम उरकायचा तेवढ्याला इंग्लंडात दीड, जर्मनीत २.३ आणि भारत, चीन, जपान, ग्रीसमध्ये जवळपास सहा माणसं लागायची. म्हणजे मुंबईत मजुरी स्वस्त होती खरी, पण माणसंच इतकी लागत की त्या स्वस्ताईचा बराचसा फायदा तिथेच संपायचा. देश श्रीमंत-गरीब का होतात या प्रश्नाला यंत्रं आणि भांडवल एवढंच उत्तर पुरत नाही हे या पेपरने फार ताकदीने मांडलं आणि ते मला पटतं. पण कारण काय, तर क्लार्क स्थानिक संस्कृतीकडे बोट दाखवतात, तिथे माझं जमत नाही, आणि त्यांच्यावर टीका करणारेही भरपूर आहेत. आखूड धाग्याचा कापूस वापरला की सूत जास्त तुटतं आणि तुटलेलं सूत जोडायला हात लागतात हे साचेखात्यात उभ्या राहिलेल्या कोणालाही माहिती असतं. आणि संस्कृती म्हटलं की पुढे कोणाला काही विचारायचं उरत नाही, ना मुकादमाच्या वशिल्याबद्दल, ना बदलीबद्दल, ना मजुरी कशी ठरवली त्याबद्दल.

बरं, दोष फक्त मजुरीच्या पद्धतीचा आहे का, तर तसंही नाही. मुंबईच्या जवळच तारापूर आणि गुजरातेत उंबरगाव, इथल्या १७ कंपन्यांच्या २८ कापड कारखान्यांत २००८ पासून एक प्रयोग झाला, निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. कारखाने घरचे, मालक घरातलेच, शंभर ते हजार कामगार. काही कारखान्यांना मोठ्या कन्सल्टिंग कंपनीची पाच महिने मदत दिली, काहींना फक्त एक महिना पाहणी करून दिली. सांगितलेल्या ३८ गोष्टी वाचल्या तर वाटतं, हे काय सांगायचं, म्हणजे मशीनची देखभाल वेळापत्रकाने करा, किती दोष निघाले ते रोज लिहा आणि त्यावर रोज बसून बोला, सुताच्या गोदामात काय कुठे आहे त्याला लेबल लावा, जमिनीवर पडलेला कचरा उचला, चांगल्या कामाला बक्षीस ठेवा. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. १७ टक्के, नवीन माग न घेता! मालक हे आधी का करत नव्हते, तर बऱ्याच जणांना आपल्या मालात दोष जास्त आहेत हेच मान्य नव्हतं, बाकी सगळ्यांचं असंच असतं असं त्यांना वाटायचं. आणखी एक गोष्ट निघाली ती आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. कंपनीचे किती कारखाने असणार हे तिचं काम किती चांगलं चाललंय यापेक्षा घरात किती पुरुष माणसं आहेत यावरून जास्त नीट सांगता येत होतं, कारण बाहेरच्या मॅनेजरवर सूत आणि पैसा सोपवायला मालक तयार नसतो. घरातल्या लेकी-सुनांचा विचारच नाही, हे वाचून मला जास्त वाईट वाटलं.

२०१७ मध्ये संशोधक पुन्हा गेले. सुरू केलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सोडून दिलेल्या होत्या, मुख्य कारणं म्हणजे मॅनेजर बदलले आणि मालकांना वेळ नाही. तरीही मदत न मिळालेल्या कारखान्यांपेक्षा हे पुढेच होते.

इचलकरंजी, भिवंडी, मालेगावात आजही कितीतरी माग कामगारांची मजुरी पिकावर (म्हणजे मागावर पडलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर) किंवा मीटरवर आहे. तिथे नवीन माग बसवताना मशीनचा स्पीड किती, वीज किती खाणार हे सगळे विचारतात, हप्ते किती बसतील ते तर आधी विचारतात, पण पहिले दोन-तीन महिने कामगाराची कमाई किती उतरेल आणि ती कोण भरून देणार हे विचारणारा मालक मला अजून भेटायचाय. आणि एकाच शेडमध्ये अर्ध्यांना नवीन माग, अर्ध्यांना जुना, मजुरीत फरक, असं झालं की काय होतं त्यावरही काम झालेलं आहे. एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शमदासानी यांनी ओडिशात छोट्या युनिटमध्ये कामगारांना तीन-तीनच्या गटात बसवलं, काही गटांत तिघांना सारखी रोजंदारी, काही गटांत वेगवेगळी. कोण किती काम करतोय हे सहज दिसत नसेल तिथे असमान मजुरीने काम उतरलं आणि हजेरी शंभरात १८ ने घसरली, म्हणजे लोकांनी स्वतःचा रोज बुडवला पण आले नाहीत. जास्त मजुरी मिळणारा खरंच जास्त काम करतो हे डोळ्यांना दिसत होतं तिथे मात्र असा काही परिणाम सापडला नाही. शेवटी त्यांना जोडीने मनोरा बांधायचा एक खेळ दिला होता, जितका उंच तितके दोघांनाही जास्त पैसे. वेगवेगळ्या मजुरीवर काम केलेल्या जोड्यांचे मनोरे बुटके राहिले.