खडक वर सरकतो तो का?

1834 साली रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्याकडे काही वेळ एकटक पाहिलं आणि मग नजर बाजूच्या खडकावर नेली. खडक वर सरकताना दिसला. पडत्या पाण्यामागे डोळे नकळत खाली वळत राहतात आणि त्याचाच हा परिणाम, असा खुलासा त्यांनी केला. ऐकायला पटतो, पण तो टिकत नाही.

पुठ्ठ्याची 20 सेंमी व्यासाची तबकडी कापा. मध्यापासून कडेपर्यंत तीन-चार वेढ्यांची जाड काळी सर्पिल रेषा काढा आणि रेकॉर्ड प्लेअरवर मिनिटाला 33 फेऱ्यांच्या वेगाने फिरवा. मधल्या ठिपक्यावर मिनिटभर नजर रोखा, मग तबकडी थांबवा. वेढे बाहेर पसरत होते, तर आता ते चहूबाजूंनी आत आकसताना दिसतात. डोळा काही एकाच वेळी सगळ्या दिशांना वळू शकत नाही! म्हणजे कारण चेतापेशींतच शोधायला हवं.

1963 मध्ये बार्लो आणि हिल या संशोधकांनी सशाच्या दृष्टिपटलातल्या अशा पेशी तपासल्या, ज्या एकाच दिशेच्या हालचालीला जोरात प्रतिसाद देतात. त्या दिशेची हालचाल बराच वेळ दाखवून थांबवली, की पेशीचे संदेश नेहमीच्या विश्रांतीच्या पातळीपेक्षाही खाली जात. माणसात हे काम मुख्यतः मेंदूत होतं. ‘खाली’ सांगणाऱ्या पेशी मंदावतात, ‘वर’ सांगणाऱ्या तशाच राहतात. मेंदू दोघींतला फरक वाचतो आणि पारडं ‘वर’कडे झुकतं. खडकाची जागा मात्र बदललेली दिसत नाही, कारण जागेची नोंद वेगळ्या पेशी ठेवतात. डावा डोळा झाकून उजव्याने फिरती तबकडी पाहा, मग ती थांबवून उजवा झाका आणि डाव्याने पाहा. परिणाम फिका, पण दिसतो. दोन्ही डोळ्यांचे संदेश मेंदूत जिथे एकत्र येतात, तिथेही हा बदल झालेला असतो, याचा हा पुरावा.

प्रयोग फसतो तो बहुधा नजर ठिपक्यावरून ढळल्यामुळे. नंतर कोऱ्या भिंतीकडे पाहिलं तरी परिणाम क्षीण होतो. खडबडीत, ठिपकेदार पृष्ठभाग निवडा.

पेशींच्या याच मंदावण्यामुळे द्रुतगती मार्गावरून बाहेर पडताना आपला वेग आहे त्यापेक्षा कमी वाटतो, आणि तो धोका खरा आहे. म्हणून वळणाआधी स्पीडोमीटर बघावा. ब्रिटनमध्ये 1970च्या दशकात काही चौकांच्या अलीकडे रस्त्यावर पिवळे आडवे पट्टे रंगवले गेले. पुढे पुढे त्यांच्यातलं अंतर कमी होत जातं, त्यामुळे वेग वाढतोय असं वाटून चालकाचा पाय ब्रेकवर जातो.