दुचाकीची सीट मढवणे

मोटारसायकल किंवा स्कूटरच्या जुन्या सीटचे आवरण काढून, आतला फोम दुरुस्त करून त्यावर नवे रेग्झिन ताणून बसवण्याचे काम. तबला, मृदंगाच्या संदर्भातले ‘मढवणे’ हे क्रियापद येथेही चालते; कारागिरांच्या बोलीत ‘कव्हर मारणे’. पुण्यात नाना पेठेच्या दुचाकी-साहित्य बाजारात तयार कव्हरेही मिळतात.

मढवण्याजोगी सलग लांब सीट प्रथम कोणाची, याबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक १९३० च्या दशकाच्या मध्यातील व्हेलोसेट या ब्रिटिश कंपनीच्या शर्यतीच्या मोटारसायकलींना मान देतात. त्याआधी स्प्रिंगवरचे सायकलसारखे खोगीर सार्वत्रिक होते. इतर १९४६ च्या सुमारास व्हिन्सेंट रॅपिड या ब्रिटिश मोटारसायकलवर आलेली फेरिडॅक्स कंपनीची सीट पहिली मानतात. मढवणीच्या दृष्टीने दुसरे मत अधिक उपयोगी ठरते, कारण सपाट तळ, त्यावर रबरी फोम आणि वर ताणलेले आवरण ही आजची रचना तिच्यात स्पष्ट दिसते. रबरी फोमची जागा पुढे पॉलियुरेथेन या कृत्रिम फोमने घेतली.

रेग्झिन हे मुळात इंग्लंडमधील मँचेस्टरजवळच्या हाइड येथील कंपनीचे व्यापारी नाव. ते कापड सेल्युलोज नायट्रेटचा लेप देऊन बनत असे. आजचे रेग्झिन म्हणजे विणलेल्या कापडावरचा पीव्हीसीचा थर. नाव तेवढे टिकले. पीव्हीसीला मऊ ठेवणारे द्रव्य उन्हाने हळूहळू निघून जाते, थर कडक होतो आणि दुमडीवर चिरतो.

आवरण फाटले की फोममध्ये पाणी शिरते, म्हणून खरे काम फोमचे असते. ओला फोम उन्हात पूर्ण वाळवल्याखेरीज बंद करू नये. कुबट वास येतो आणि पत्र्याचा तळ गंजतो. असा तळ घासून रेड ऑक्साइड हा गंजरोधक रंग लावतात. बसलेला भाग चौकोनी कापून तेथे फोमचे तुकडे दाबून बनवलेला रिबॉण्ड फोम चिकटवतात. सोल्युशन (चिकटवण्याचे द्रव्य) दोन्ही बाजूंना लावून ते हाताला चिकटेनासे होईपर्यंत थांबावे लागते. घाई केल्यास सांधा सुटतो. कडा जाड सँडपेपरने उतरत्या करतात, नाहीतर रेग्झिनवरून त्या उमटतात. फक्त वर मऊ थर घातला तर सीट उंच दिसते, पण बसताच तळ लागतो.

जुने कव्हर शिवण उसवून सपाट केले की तोच नमुना. शिवणीसाठी १० ते १२ मिमी जादा ठेवतात. रेग्झिन एका दिशेने अधिक ताणते. ती दिशा आधी ओढून पाहावी. दोरा नायलॉन किंवा पॉलिस्टरचा, सुती कुजतो. टाका ३ ते ४ मिमी. याहून बारीक टाक्यांची भोके टपाल तिकिटाच्या कडेसारखी होऊन रेग्झिन तेथेच फाटते. शिवण बसण्याच्या जागेतून नेऊ नये. प्रत्येक भोकातून पाणी झिरपते, म्हणून आतून पट्टी चिकटवतात. फोमवर प्लॅस्टिकचा कागद घालण्याची रीत आहे, पण आत गेलेले पाणी त्यामुळे अडकते; तळाची निचऱ्याची भोके मोकळी असतील तरच ती योग्य.

चढवण्यापूर्वी कव्हर उन्हात गरम करतात. आधी टाकीकडचे टोक मध्यावर स्टेपलच्या पिनेने पकडायचे, मग मागचे ओढून, त्यानंतर दोन्ही बाजू आळीपाळीने मध्याकडून कोपऱ्यांकडे. एक बाजू आधी पूर्ण केली तर शिवण तिरकी जाते. प्लॅस्टिकच्या तळाला साधारण ६ मिमी पाय असलेल्या स्टेनलेस पिना पुरतात. लांब पिना पातळ जागी आरपार जाऊन फोममध्ये घुसतात. कोपऱ्यात बारीक चुण्या घालून जादा कापड खालच्या बाजूला कापतात. पत्र्याच्या जुन्या तळांना पिना लागत नाहीत. तेथे कडेचे दाते उघडून आवरण अडकवतात. दाते वारंवार वाकवल्यास तुटतात.

स्कूटरच्या स्प्रिंगवाल्या वेगळ्या सीटना स्प्रिंग आणि फोम यांमध्ये जाड किंतान लागते, अन्यथा तार फोम कापते.