अडकलेलं पेमेंट आणि धास्तावलेलं मन

"हा चार माणसांत तोंड उघडत नाही, याला धंदा कसा जमायचा?" मुलाने नोकरी सोडून स्वतःचं काही करतो म्हटलं की हा प्रश्न आधी घरातून येतो, मग सोयऱ्याधायऱ्यांकडून. प्रश्नामागे काळजीच असते, पण त्यात दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते. एक माणूस कमी बोलतो, कारण त्याला शांतता मानवते. दुसरा कमी बोलतो, कारण बोलायच्या नुसत्या विचाराने त्याच्या पोटात गोळा येतो. बाहेरून दोघे सारखेच दिसतात, आणि अनेकदा एकाच माणसात दोन्ही असतं. पण या दोन गोष्टी शरीरात वेगळ्या रीतीने घडतात. म्हणून धंदा करणाऱ्याने त्यांच्याशी वागायची रीतही वेगळी ठेवावी, असं मला कळकळीने वाटतं. अंतर्मुख स्वभावाप्रमाणे धंद्याची घडी खुशाल बसवावी. भीतीप्रमाणे बसवली तर मात्र धंदा आणि माणूस दोघांचंही नुकसान होतं.

आधी स्वभावाचं पाहू. अंतर्मुख आणि बहिर्मुख ही विभागणी मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१मध्ये रूढ केली. तिला शरीराशी जोडण्याचा मोठा प्रयत्न हान्स आयझेंक यांनी १९६०च्या दशकात लंडनमध्ये केला. बाहेरचा आवाज, उजेड, गर्दी, चव यांनी अंतर्मुख माणसाचा मेंदू लवकर उद्दीपित होतो, असा त्यांचा तर्क होता. जिभेवर लिंबाचा रस टाकून किती लाळ सुटते ते मोजलं, तेव्हा अंतर्मुख लोकांना सरासरीने जास्त लाळ सुटली. पुढच्या संशोधनाने या तर्काला मुरड घातली. शांत बसलेले असताना दोघांच्या मेंदूत फारसा फरक सापडत नाही, बाहेरून काही येऊन आदळलं की फरक दिसतो.

धंद्याच्या दृष्टीने मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो रसेल जीन यांचा १९८४मधला प्रयोग. शब्दांच्या जोड्या शिकण्याचं काम देऊन, ते करताना कानावर किती मोठा आवाज हवा हे त्यांनी लोकांनाच ठरवू दिलं. बहिर्मुखांनी सरासरी ७२ डेसिबलच्या आसपासचा आवाज निवडला, अंतर्मुखांनी ५५च्या आसपासचा. आपापल्या पसंतीच्या आवाजात दोन्ही गटांचं काम सारखंच चांगलं झालं. एकाला दुसऱ्याचा आवाज दिला, तेव्हा कामगिरी घसरली. म्हणजे क्षमतेत कोणी उणा नव्हता, प्रश्न कामाच्या जागेचा होता. मेन रोडवर दिवाळीच्या गर्दीत दिवसभर गल्ल्यावर बसून ज्याचं डोकं रात्री भणभणतं, त्याच्यात काही कमी आहे असं नव्हे. त्याने सकाळचे दोन तास हिशेब आणि डिझाइनसाठी राखून ठेवले, भेटीगाठींचे दोनच वार ठरवले आणि गल्ल्यावर बोलक्या भावाला बसवलं, तर तो शहाणपणा आहे.

आता भीती. तिचं मूळ काही अंशी जन्मजातही असतं. हार्वर्डच्या जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या सुमारे ५०० बाळांना अनोळखी खेळणी, आवाज आणि वास यांची ओळख करून दिली. साधारण पाचातलं एक बाळ जोरात हातपाय झाडायचं, रडायचं. अशी बाळं पुढे बुजरी होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त निघाली. दोन वर्षांच्या वयात बुजरी ठरलेली काही मुलं विशीत आल्यावर त्यांच्या मेंदूचे स्कॅन केले गेले. अनोळखी चेहरे पाहताना त्यांच्या ॲमिग्डालाने जास्त जोरात प्रतिसाद दिला, हे २००३मध्ये प्रसिद्ध झालं. धोक्याची वर्दी देणारा हा बदामाएवढा भाग एकदा चेतला की ॲड्रेनलिन सुटतं, ठोके वाढतात, तळहात ओले होतात. मात्र केगन यांच्या अभ्यासातली अशी सगळी बाळं मोठेपणी चिंताग्रस्त झाली नाहीत. जन्मतः मिळालेला कल आणि पुढे जडलेली भीती यांच्यामध्ये बरंच काही घडतं. काय घडतं, ते एका फोनच्या उदाहरणाने सांगतो.

माझ्या परिचयातले एक गृहस्थ नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत जिग-फिक्श्चरचं, म्हणजे मशीनवर काम करताना सुटा भाग पक्का धरून ठेवणाऱ्या साधनांचं, छोटं वर्कशॉप चालवतात. ड्रॉइंग हातात पडलं की टॉलरन्स (मापात चालणारा बारीक फरक) कुठे फसणार ते बोट ठेवून सांगतात. एका कंपनीकडे त्यांचं बिल तीन महिने अडकलं होतं. माल पोचल्याच्या चलनावर सही-शिक्का होता, माल केव्हाच लाइनवर लागला होता, जीएसटी तर यांनी खिशातून भरून टाकला होता. एकच फोन करायचा होता. रोज ते त्या कंपनीच्या पर्चेसच्या (खरेदी विभागाच्या) साहेबांचा नंबर काढायचे, अंगठा हिरव्या बटणापर्यंत न्यायचे, की छातीत धडधड सुरू. 'आत्ता जेवणाची वेळ असेल.' 'आज सोमवार आहे, मीटिंगमध्ये असतील.' मग व्हॉट्सॲपवर 'सर, पेमेंटचं जरा बघाल का' असं टाइप करायचं, खोडायचं आणि फोन टेबलावर पालथा ठेवायचा. ठेवला रे ठेवला की हायसं वाटायचं.

त्या हायसं वाटण्यातच मेख आहे. ऑर्व्हल मॉवरर या मानसशास्त्रज्ञाने १९४७मध्ये याची फोड केली. भीती एकदा एखाद्या प्रसंगाशी जोडली गेली की माणूस तो प्रसंग टाळतो. टाळल्यावर लगेच जो सुटकेचा अनुभव येतो, तोच टाळण्याचं बक्षीस ठरतो. मेंदू त्यातून शिकतो, की फोन केला नाही म्हणून आपण वाचलो. फोन केला असता तर नेमकं काय झालं असतं, हे त्याला कधी कळतच नाही. त्यामुळे शिळी झालेली भीतीही तशीच टिकते आणि दर खेपेला टाळणं आणखी सोपं होतं. स्टीलवाल्याचे पैसे मात्र रोख द्यावे लागतात.

मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रॅस्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून यावरचा जो उपाय पुढे आला, तो मला फार पटतो. भीती वाटेनाशी होईपर्यंत थांबायचं नाही. आपण मनात जे भाकीत केलं आहे ते आधी स्पष्ट मांडायचं आणि प्रत्यक्षात जाऊन तपासायचं. आमच्या या गृहस्थांनी जॉब कार्डाच्या पाठीवर लिहिलं: 'साहेब चिडतील, पुढची ऑर्डर काढून घेतील.' मग नंबर लावला. पलीकडून उत्तर आलं, "अहो, तुमचं बिल अकाउंट्सला गेलेलंच नाही, जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, राहिलीय. चलनाची कॉपी परत पाठवा, आजच करतो." कार्डाच्या त्याच बाजूला त्यांनी हे वाक्यही लिहून ठेवलं. भाकीत आणि प्रत्यक्ष यांतली ही तफावत जितकी ठसठशीत, तितकं मेंदूचं नवं शिकणं पक्कं.

जुनी भीती यामुळे पुसली जात नाही, हेही सांगायला हवं. तिच्या शेजारी एक नवी, स्पर्धा करणारी आठवण तयार होते. म्हणून एकाच ओळखीच्या साहेबाला दहा फोन करण्यापेक्षा वेगवेगळ्या माणसांना, वेगवेगळ्या वेळी, कधी प्रत्यक्ष जाऊन विचारण्याचा जास्त उपयोग होतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर धडधड परत आली, तर सगळं मुसळ केरात गेलं असं समजू नये. खंड पडल्यावर भीती डोकं वर काढते हे प्रयोगशाळेतही दिसतं, आणि पुन्हा सराव सुरू केला की ती पहिल्यापेक्षा लवकर खाली बसते. साहेब खरंच चिडले तर? तसंही होतं. तेव्हा कायदा माहीत असलेला बरा. २००६च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागू होतं. आपण भीक मागत नाही आहोत हे मनाला समजावताना या कलमाचा मोठा आधार होतो.

भीती आड येण्याची दुसरी जागा प्रदर्शनातल्या स्टॉलची. नाशिकच्या डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावरच्या कुठल्याही प्रदर्शनात चक्कर मारा. घरगुती मसाले, लोणची, नागलीचे पापड, हातमागाच्या पिशव्या, सगळा माल अस्सल असतो. काही स्टॉलमागच्या ताई मात्र गिऱ्हाईक समोर आलं की मान खाली घालून पाकिटं सारखी करू लागतात किंवा मोबाइलमध्ये पाहतात. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५मध्ये मांडलेल्या सिद्धांतात अशा वागण्याला सुरक्षेसाठीचं वर्तन म्हटलं आहे. समाजात वावरताना घाबरणाऱ्याचं लक्ष समोरच्या माणसाकडून निघून स्वतःकडे वळतं. माझा आवाज कापतोय का, चेहरा लाल झालाय का, यातच मन गुंततं. मग समोरच्या बाईने काळ्या मसाल्याच्या पाकिटाकडे दोनदा पाहिलं, हे दिसतच नाही. आणि खाली घातलेली मान गिऱ्हाइकाला तुसडेपणाची वाटते, म्हणजे ज्याची धास्ती होती ते आपणच ओढवून घेतो.

खरं तर लोकांचं आपल्याकडे आपल्याला वाटतं तेवढं लक्ष नसतं. टॉम गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २०००मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून एका खोलीत पाठवलं. खोलीतल्या जवळजवळ निम्म्या जणांनी तो पाहिला असेल, असा त्यांचा अंदाज होता. पाहिला होता साधारण पाव जणांनी. गिलोविच यांनीच केनेथ सॅवित्स्की यांच्यासोबत २००३मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. भाषणाआधी वक्त्याला 'तुमची घबराट बाहेर दिसते त्यापेक्षा तुम्हाला आतून कितीतरी जास्त जाणवते' एवढं समजावून सांगितलं, तर त्याचं भाषणच सुधारतं. स्टॉलवर उभं राहण्याआधी ही एवढी माहिती गाठीला हवी. आणि एक ठरलेलं काम स्वतःला द्यावं: येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या घरात कोणती भाजी जास्त होते ते विचारायचं. विचारणाऱ्याचं लक्ष उत्तराकडे जातं, स्वतःच्या कापणाऱ्या आवाजाकडे जात नाही.

शरीरासाठी दोन छोट्या गोष्टी. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून फोनआधी काही श्वास सावकाश, लांबवून सोडावेत. आणि चहा. शॉपवर दर तासाला कटिंग येतो, कॅफिनने धडधड वाढते आणि ती भीतीचीच आहे असं वाटू लागतं. अवघड भेटीच्या दिवशी दोन कप कमी घेऊन पाहावे.

आता मूळ प्रश्नाकडे, की विक्री बोलक्यांचंच काम आहे का. ॲडम ग्रँट यांनी २०१३मध्ये फोनवरून विक्री करणाऱ्या ३४० जणांची तीन महिन्यांची कमाई तपासली. सगळ्यात पुढे होते मधल्या स्वभावाचे, म्हणजे बोलणारे आणि ऐकणारेही. अगदी बोलके लोक अबोलांहून सरस ठरले नाहीत. त्याआधी, २०११मध्ये, ग्रँट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ५७ पिझ्झा दुकानांचा अभ्यास केला होता. कर्मचारी स्वतःहून सुधारणा सुचवणारे असले, तिथे कमी बोलणाऱ्या मॅनेजरच्या दुकानांचा नफा जास्त होता. कर्मचारी सांगकामे असले, तिथे बोलक्या मॅनेजरचा. मला यात अंबडच्या छोट्या शॉपसाठी मोठी गोष्ट दिसते. जुना ऑपरेटर 'साहेब, क्लॅम्प इकडून घेतला तर सेटिंगचा वेळ वाचेल' म्हणतो, तेव्हा ते शेवटपर्यंत ऐकून घेणारा मालक लागतो, आणि ऐकणं हे अबोल माणसाला सहसा चांगलं जमतं.

हे सगळं स्वतः करून पाहण्याच्या गोष्टी झाल्या. पण भीती महिनोन्‌महिने हटत नसेल, झोप उडाली असेल, शटर उघडणंच नकोसं झालं असेल, किंवा संध्याकाळी दोन पेग घेतल्याशिवाय माणसांना भेटता येत नसेल, तर तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. विचार आणि वर्तनावर काम करणारी सीबीटी ही उपचारपद्धती सामाजिक भीतीवर परिणामकारक ठरली आहे. एसएसआरआय या गटातली, चिंता आणि नैराश्यावर दिली जाणारी औषधंही उपयोगी पडतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत फरक नाही असं म्हणून सोडू नयेत, आणि बरं वाटल्यावरही डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नयेत. मानसोपचारतज्ज्ञांच्या दवाखान्यात कोणी पाहील अशी धास्ती असेल, तर १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२मध्ये ही सेवा सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं.