बोलत नाही की समजतही नाही? दोन वर्षांच्या मुलातला फरक

"मम", "माऊ", "बाबा", "नको" एवढ्यावरच अडलेलं दोन वर्षांचं मूल आपल्या सगळ्यांच्या ओळखीत असतं. त्याच्या आईपर्यंत सल्ले मात्र दोनच पोचतात. घरातली मोठी माणसं म्हणतात, "बोलेल गं, याचा बापसुद्धा तीन वर्षांचा झाल्यावर बोलायला लागला. आता थांबतो का?" मैत्रिणी म्हणतात, "ऑटिझम असेल, लवकर दाखवून घे." एकीकडे निर्धास्तपणा, दुसरीकडे धास्ती, आणि दोन्हीकडे मोजतात ते मुलाचे शब्द. पण काही मुलांचं फक्त बोलणं मागे असतं, तर काहींचं बोलण्याबरोबर समजणंही मागे असतं. वरवर दोघंही सारखीच गप्प. पुढे काय होणार आणि किती घाई करायची, हे मात्र या फरकावर बरंच अवलंबून असतं.

आधी पहिल्या प्रकाराबद्दल. मूल दोन वर्षांचं झालं की साधारण ५० शब्द आणि "बाबा गेला", "पाणी दे" अशी दोन शब्दांची जोडणी, ही ढोबळ खूण वाचा-भाषातज्ज्ञ धरतात. तेवढं येत नाही, पण मुलाला ऐकू नीट येतं, समज वयाला साजेशी आहे, खेळणं-चालणं, माणसांत मिसळणं ठीक आहे, अशा मुलाला 'लेट टॉकर' म्हणतात. दोन वर्षांच्या शंभर मुलांत अशी दहा ते पंधरा तरी निघतात आणि त्यातली निम्म्याहून जास्त शाळेत जायच्या वयापर्यंत बाकीच्यांच्या बरोबरीला येतात. आजीचं "बोलेल" अनेक घरांत खरं ठरतं ते यामुळे.

शब्द मोजताना लोक उगाच काटेकोर होतात. कुत्र्याला "भूभू" आणि पाण्याला "पाई" हे शब्दच आहेत. त्या गोष्टीसाठी मूल दरवेळी तोच आवाज काढत असलं म्हणजे झालं. घरी मराठी आणि पाळणाघरात हिंदी असेल तर दोन्हीकडचे शब्द एकत्र मोजायचे. दोन भाषा कानावर पडल्यामुळे मूल बोलायचं थांबत नाही. "एकच भाषा बोला" या सल्ल्यावरून आजी-आजोबांनी नातवाशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायला लागणं हे मला फार वाईट वाटतं, कारण मुलाला भाषा मिळते ती ओघवत्या, भरभरून बोलणाऱ्या माणसाकडून. "काका"चं "ताता" होणं, "र"चा "ल" होणं हा तर उच्चारांचा भाग आहे. या वयात त्याची काळजी करायचं कारण नाही.

आता समजण्याकडे येऊ, कारण खरी गफलत इथे होते. जवळजवळ प्रत्येक आई सांगते, "त्याला सगळं कळतं. चप्पल आण म्हटलं की आणतो." आणत असेलच. पण तो प्रसंग बारकाईनं पाहा. आईनं ओढणी घेतली, पर्स खांद्याला अडकवली, किल्ली उचलली, दाराकडे बोट दाखवलं आणि मग म्हणाली, "चप्पल आण." यातला एकही शब्द कळला नसता तरी त्यानं चपलाच आणल्या असत्या. बाहेर जायचंय हे त्याला किल्लीनं सांगितलं. मुलं या बाबतीत विलक्षण चलाख असतात. नजर, हातवारे आणि रोजची सवय यांवरून ती इतकं ओळखतात की शब्द कळत नाहीत हे वर्ष-वर्षभर लक्षात येत नाही.

म्हणून हे घरीच एकदा नीट करून पाहावं. मूल पोटभर जेवलेलं, खुशीत असताना जमिनीवर त्याच्यासमोर बसा. टीव्ही बंद. मध्ये वाटी, चमचा, बॉल, कंगवा अशा त्याच्या रोजच्या चार वस्तू ठेवा. आपले हात मांडीवर आणि नजर त्याच्या चेहऱ्यावर. वस्तूकडे डोळेसुद्धा वळू द्यायचे नाहीत. साध्या आवाजात म्हणा, "चमचा दे." नंतर, "कंगवा कुठाय?" जमलं तर, "बॉल वाटीत टाक." दीड वर्षाच्या आसपास मुलाला अशी एखादी साधी सूचना बोट न दाखवता कळायला हवी आणि अडीचपर्यंत "बॉल उचल आणि बाबांना दे" अशी दोन भागांची. एखाद्या दिवशी त्याचा मूड नसेल, म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी पाहा. तरीही मूल हाताला लागेल ती वस्तू देत असेल, तर "सगळं कळतं" हे म्हणणं बाजूला ठेवायला हवं.

दुसरी खूण बोटाची. मूल दोन कारणांनी बोट दाखवतं. फडताळावरचा बिस्किटांचा डबा हवा असतो म्हणून, आणि आकाशातलं विमान, भिंतीवरची पाल, रस्त्यावरची म्हैस आपल्याला दाखवायची असते म्हणून. दुसऱ्या वेळी ते आधी विमानाकडे बघतं, मग वळून आईच्या तोंडाकडे: तू पाहिलंस ना? शब्द एकही नसला तरी बोलण्याचा सगळा ऐवज त्या वळून बघण्यात असतो. दीड वर्षापर्यंत हे असं 'दाखवणं' सुरू झालेलं असतं. ते भरपूर असेल तर गप्प मुलाबद्दलही मला बरीच आशा वाटते. मूल फक्त आपला हात धरून डब्यापर्यंत ओढत नेत असेल आणि आपल्या चेहऱ्याकडे बघतच नसेल, तर शब्द वीस आहेत की चाळीस हे गौण ठरतं.

याची उलट बाजूही आहे. काही मुलं एबीसीडी, शंभरपर्यंतचे आकडे, रंगांची इंग्रजी नावं घडाघडा म्हणतात आणि घर खूश असतं. पण तहान लागली तर "पाणी" म्हणता येत नाही, "पाणी हवं का?" विचारलं तर उत्तर म्हणून "पाणी हवं का?" हेच परत येतं. हे पाठांतर आहे. मागायला, नाकारायला, बोलवायला, सांगायला मूल किती शब्द वापरतं यावर त्याची भाषा जोखायची. "दे", "ये", "घे", "उघड" अशी क्रियापदं त्यात असतील तर ते फार चांगलं लक्षण आहे.

समजणंही मागे असण्याची कारणं बरीच आहेत: ऐकू कमी येणं, ऑटिझम, एकूणच विकास मागे असणं, किंवा बाकी सगळं ठीक असून भाषा शिकण्यातच असलेली मूळची अडचण. घरात या मुलाला "हट्टी", "आपल्याच नादात", "ऐकून न ऐकल्यासारखं करतो" अशी नावं पडतात. या कारणांपैकी सर्वांत आधी तपासायचं ते ऐकणं. त्याबाबत आपल्याकडे अजूनही थाळीवर चमचा आपटून निकाल लावतात. मूल मागे वळलं, म्हणजे कान ठणठणीत! थाळीचा आवाज मोठा असतो आणि जवळून आपटली तर हादराही जाणवतो. अर्धवट ऐकू येणारं मूल थाळीला, कुकरच्या शिट्टीला, दार आपटण्याला वळतं, टीव्हीवर जाहिरात लागली की धावतही येतं. पण बोलण्यातले "स", "श", "फ" असे बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत. त्याला माणसांचं बोलणं तुटक-तुटक ऐकू येतं आणि तुटक ऐकलेलं शिकता येत नाही. सर्दी वारंवार होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं तरी ऐकणं कमी होतं, आणि कान दुखत नाही म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही.

त्यामुळे मूल दोन्हींपैकी कोणत्याही प्रकारात बसत असलं तरी श्रवण तपासणी टाळू नये. ओएई या चाचणीत कानात बारीक आवाज सोडून आतल्या कानाचा प्रतिसाद मोजतात, ती काही मिनिटांत होते. बेरा या चाचणीत आवाज कानापासून मेंदूपर्यंत नीट पोचतो का ते पाहतात. ती मूल झोपलेलं असताना करतात, म्हणून आदल्या रात्री उशिरापर्यंत जागवून आणायला सांगतात. जन्मतः ओएई 'पास' होती म्हणून आजही ऐकू येतंय असं नसतं, कारण ऐकणं नंतरही कमी होऊ शकतं. आणि काही मुलांत कान आवाज पकडतो पण मेंदूपर्यंत तो नीट पोचत नाही. तिथे ओएई चांगली येते, दोष बेरामध्ये कळतो. जे बाळ अतिदक्षता विभागात राहिलं किंवा ज्याला रक्त बदलण्याइतकी तीव्र कावीळ झाली होती, त्याची बेरा झालीच पाहिजे.

बाकी समजुतींना फार वेळ द्यायला नको. "जीभ जड आहे" म्हणून मूल उशिरा बोलत नाही. जिभेखालचा पडदा आखूड असला तर उच्चारांवर परिणाम होऊ शकतो, पण त्यामुळे शब्द अडत नाहीत. गुटीतल्या वेखंडाच्या वळशांनी बोलणं येत नाही, आणि एक वर्षाच्या आत मध तर चाटवूच नये. मुलगे मुलींपेक्षा थोडे उशिरा बोलतात हे खरं, पण तो फरक काही महिन्यांचा असतो, त्यावर वर्ष काढता येत नाही. आणि बाप उशिरा बोलला होता ही गोष्ट दिलासा म्हणून सांगितली जाते, पण घराण्यात उशिरा बोलण्याचा इतिहास असेल तर लक्ष जास्त ठेवायचं असतं.

मोबाइलचं मात्र खरं आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दोन वर्षांखाली स्क्रीन नको, आणि दोन ते पाच या वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास. जेवताना लावलेला व्हिडिओ बंद केला की घरात बोलणं वाढतं. पण हल्ली 'व्हर्च्युअल ऑटिझम', म्हणजे स्क्रीनमुळे होणारा ऑटिझम, हा शब्द फार फिरतोय. वैद्यकीय वर्गीकरणात असं निदान नाही. मोबाइल बंद करून सहा महिने वाट पाहत बसणं आणि त्यापायी तपासणी लांबवणं हे चुकीचं.

दोन्ही प्रकार एकमेकांपासून इतके सुटे नाहीत, हेही सांगायला हवं. समज चांगली असलेल्या लेट टॉकरपैकीही काहींची भाषा पुढे मागे राहते, आणि आज समोर बसलेलं मूल त्यातलं आहे की नाही हे कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून वाट पाहायची तर कान तपासून आणि पुढची तारीख ठरवून. वर्षभरात टाटा करणं किंवा हात पसरणं असे हावभाव नाहीत, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोडणी नाही, तर दाखवावं. आणि आधी येत असलेले शब्द किंवा हावभाव गेले, तर वय काहीही असो, त्याच आठवड्यात दाखवावं.

दाखवायचं कुठे? मुंबईत वांद्र्याला 1983 पासून अली यावर जंग राष्ट्रीय वाचा व श्रवण संस्था आहे. बऱ्याच वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागात श्रवण तपासणी होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्या पालघरलाच सुरू झाला. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात, त्यांच्या तपासणीच्या यादीत ऐकणं आणि भाषेचा विकास दोन्ही आहेत, आणि पुढचे उपचार जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मिळतात. अंगणवाडी सेविकेला नुसतं "हा अजून बोलत नाही" एवढं न सांगता "हात न दाखवता सांगितलं तर कळत नाही" असं सांगितलं, तर पथकाचं लक्ष नेमकं जातं. खासगीत गेलात तर थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारा. विचारण्यात संकोच नको.

तारीख मिळेपर्यंत घरी बोलत राहा, पण परीक्षा घेऊ नका. "हे काय? ते काय?" या सरबत्तीनं मूल आणखी मिटतं. त्यानं "गाडी" म्हटलं की "लाल गाडी गेली" असं एक पाऊल पुढचं म्हणावं आणि जरा थांबावं. "आधी म्हण, मग देते" असं करून खाऊ अडवून धरू नये. रडणाऱ्या मुलाकडून शब्द निघत नाही, खाऊ देतानाच आपण तो शब्द म्हणावा.

तपासणीला जाताना दोन गोष्टी न्या. एक म्हणजे मुलाच्या शब्दांची यादी, तो जसे उच्चारतो तशीच लिहिलेली. दुसरी म्हणजे मोबाइलवर काढलेले घरचे दोन-तीन छोटे व्हिडिओ: एक खेळतानाचा, एक त्याला काही हवं असतानाचा, एक हाक मारल्यावरचा. दवाखान्यात अनोळखी माणसांसमोर मूल गप्प बसतं किंवा रडतं, आणि घरी ते कसं आहे हे तज्ज्ञाला त्या व्हिडिओतून दिसतं.