हिशेब पक्का, विहीर कोरडी

एका खेळात चौघांना प्रत्येकी 20 टोकन दिली. हवी तेवढी स्वतःजवळ ठेवायची, उरलेली सामाईक निधीत टाकायची. निधीतल्या दर टोकनामागे चौघांनाही 0.4 टोकन मिळतात, मग कुणी काही टाकलेले असो वा नसो. सगळ्यांनी सगळी टाकली तर प्रत्येकाच्या पदरात 32. एकट्याने हात आखडला तर त्याला 44, बाकीच्यांना 24. इतर काहीही करोत, टोकन टाकणाऱ्याचे दर टोकनामागे 0.6 जातातच. गणित येणारा माणूस काहीच टाकणार नाही. चौघांनाही गणित येत असेल तर चौघेही 20 वरच अडकतात. इथे हुशारीच नडते.

झुरिकच्या एर्न्स्ट फेर आणि सायमन गेख्टर या अर्थतज्ज्ञांनी हा खेळ माणसांना खेळवून पाहिला. सुरुवातीला लोक बऱ्यापैकी उदार असतात, पण दहा फेऱ्यांत निधी आटत जातो. दोष सगळा आयत्या बिळावरच्या नागोबांचा म्हणावा, तर 2001 च्या प्रयोगात ते जेमतेम 30 टक्के भरले. सुमारे निम्मे लोक ‘इतर देतील तसे मी देईन’ या मताचे होते. गोम अशी की हे लोकही इतरांपेक्षा किंचित कमीच टाकतात, म्हणून घसरण थांबत नाही.

मग खेळात दंड आला: स्वतःचे 1 टोकन खर्चा, समोरच्याची 3 कापा. वर्गणी लगेच चढली. पण 2008 मध्ये 16 शहरांची तुलना झाली, तेव्हा अथेन्स, मस्कतसारख्या ठिकाणी भरपूर देणाऱ्यांनाही दंड बसताना दिसला. नुसते हत्यार हाती देऊन भागत नाही.

भूजल म्हणजे असाच निधी, फक्त डोळ्यांना न दिसणारा. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यापासून (इंडियन इझमेंट्स ॲक्ट) जमिनीखालचे पाणी जमीनमालकाचे मानले गेले, त्यामुळे शेजाऱ्याने बोअर खोल नेली की आपणही न्यायची, हाच शहाणपणा ठरतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने इथे वेगळी वाट धरली. पाऊस मोजायचा, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा, आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढायचे, मग पिके ठरवायची. शेतीसाठी बोअर नाही. ऊस, केळी नाहीत. आमच्या मते खरी चतुराई पिकावर बंधन घालण्यात आहे. कुणी किती लिटर उपसले यावर पहारा ठेवणे जवळपास अशक्य. उसाचा फड मात्र बांधावरून कुणालाही दिसतो.